खिशातला नकाशा मराठी कधी होणार?

(द्वितीय वर्ष, कला)

आजचे युग हे संगणकयुग आहे, हे वाक्य आपण निबंधाच्या वहीत इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचा अर्थ शोधावा असेही आता कोणाला वाटत नाही. खेड्यापाड्यांत मोबाईल पोहोचला, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि काष्टीच्या बैलबाजारात बैलाचे दात पाहून सौदा करणारा शेतकरीही पैसे मोबाईलवरून देऊ लागला. सारे खरे. पण यंत्र हातात आले म्हणजे ज्ञान हातात आले काय? आणि आले असेल तर ते कोणत्या भाषेत आले? हा प्रश्न मला एका लहानशा आणि पुष्कळांना अनपेक्षित वाटेल अशा विषयाच्या निमित्ताने विचारावयाचा आहे. तो विषय म्हणजे बायबलचा डिजिटल ॲटलास, अर्थात संगणकावर व मोबाईलवर पाहावयाचा बायबलचा नकाशासंग्रह.

बायबल हा श्रद्धेचा ग्रंथ आहे हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो भूगोलाने भरलेला ग्रंथ आहे हे थोड्यांच्याच ध्यानात येते. त्यातली माणसे सतत चालत असतात. अब्राहाम ऊर नगर सोडून कनान देशाला निघतो. इस्राएल लोक मिसर देशातून बाहेर पडून रानोमाळ भटकतात. यहूदी बंदिवान बाबेलला नेले जातात. येशू गालीलातून यरुशलेमला येतो आणि पौल वादळातून समुद्रमार्गे रोमला पोहोचतो. एस्तेरच्या पुस्तकाच्या आरंभीच पारशी साम्राज्याची हद्द सांगताना हिंदुस्थानचेही नाव येते. अशी शेकडो गावे, नद्या, डोंगर आणि घाट या ग्रंथात आहेत. त्यांची जागा दाखविणारे पुस्तक म्हणजे बायबल ॲटलास. तेच संगणकावर आले की गावाच्या नावावर बोट ठेवताच नकाशा उघडतो, उपग्रहाने टिपलेली जमीन दिसते, दोन गावांतले अंतर मोजता येते आणि डोंगर किती चढावा लागला असेल तेही कळते.

काष्टीच्या मुलीला हा विषय कोठून सुचला, असे कोणी विचारील. त्यांना मी आपल्या जिल्ह्याकडे पाहावयास सांगेन. अहिल्यानगर, जे आपल्या तोंडी अजून नगरच आहे, तेथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरातच निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरात गेला. इकडे भीमेचा पूल ओलांडून दौंडला गेले आणि पुण्याची गाडी धरली की वाटेत केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, आणि ते छापण्याचे काम तेथल्याच स्त्रियांनी केले. तेव्हा बायबल हा आपल्या शेजारचा ग्रंथ आहे. जिल्ह्यातील कितीतरी खेड्यांत तो रोज मराठीतून वाचला जातो. वाचणारी माणसे आपल्यासारखीच ऊस तोडणारी, शाळेत शिकविणारी, दवाखान्यात परिचारिका म्हणून राबणारी आहेत.

आमच्या आळीतही असे एक कुटुंब आहे. त्या घरच्या आजी चष्मा दोऱ्याने कानाला बांधून रोज एक अध्याय वाचतात. मी भूगोल घेतला आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा मला विचारले, “पोरी, तू नकाशाचं शिकतीस ना? मग सांग, ही यार्देन नदी आपल्या भीमेएवढी हाय का गं?” प्रश्न साधा होता. पण साठ वर्षे ग्रंथ वाचणाऱ्या बाईला त्याचे उत्तर कोठे मिळाले नव्हते. घरातली मी पहिलीच महाविद्यालयाची पायरी चढलेली, म्हणून त्यांना वाटले की मला ते ठाऊक असेल.

उत्तर मोठे मौजेचे आहे. भीमा ८६१ किलोमीटर वाहते. यार्देन सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि पुष्कळ ठिकाणी तर ती आपल्या ओढ्यापेक्षा थोडीच रुंद आहे. ‘गालील समुद्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा समुद्र उभा राहतो. वास्तविक ते गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे एकवीस किलोमीटर, रुंदी तेरा. क्षेत्रफळाने ते आपल्या उजनीच्या जलाशयाहूनही लहान. उत्तरेच्या दानपासून दक्षिणेच्या बैर-शेबापर्यंत, म्हणजे त्या काळच्या बोलीप्रमाणे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग जवळपास तेवढाच आहे. म्हणजे ज्या भूमीने जगाच्या इतिहासाला वळण दिले ती एका पॅसेंजर गाडीच्या दिवसभराच्या प्रवासात मावते! यरुशलेमहून बेथलेहेम इतके जवळ की बैलगाडीने पहाटे निघावे आणि न्याहारीला पोहोचावे. पण नासरेथहून बेथलेहेम म्हणजे जवळजवळ नगर ते पुणे. दिवस भरत आलेल्या मरियेने तो पल्ला गाठला असे शुभवर्तमान सांगते. ते अंतर नकाशावर पाहिले की आपल्याकडची ऊसतोडणीला निघालेली गरोदर बाई डोळ्यांपुढे येते आणि वाचलेल्या ओळीला एकदम वजन येते. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता तर पंचवीसएक किलोमीटरांत सुमारे हजार मीटर खाली उतरतो. कर्जतहून लोणावळ्याला चढताना रेल्वे जी उंची गाठते तिच्या जवळपास दुप्पट ही उतरण. अशा निर्जन उतारावर वाटसरूला लुटारूंनी गाठले ही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातली गोष्ट मग नुसती गोष्ट राहत नाही. असा घाट आपल्याही ओळखीचा असतो.

पावसाचेही तसेच. बायबलमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन पावसांचा उल्लेख वारंवार येतो. मराठी अनुवादात त्यांना ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ हे आपले शब्द दिलेले आढळतात. शब्द किती गोड आहेत! पण आपल्याकडे वळीव आधी, वैशाखात पडतो आणि आगोट त्याच्या पाठोपाठ मृगाबरोबर येते. तेथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पेरणीचा. शेवटचा मार्च-एप्रिलचा, दाणे भरण्याचा. मध्ये सारा हिवाळा पावसाचा आणि उन्हाळा अगदी कोरडा. यरुशलेमला वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा आपल्या दुष्काळी तालुक्यांना परका नाही. परका आहे तो ऋतू. शब्दाने आणलेली ओळख आणि ऋतूने घातलेले अंतर या दोन्ही गोष्टी एखादा पर्जन्याचा नकाशा पाच मिनिटांत समजावून देईल. अनुवादकाने आपले काम केले. पुढचे काम नकाशाचे आहे.

असे नकाशे करण्याची धडपड आजची नाही. चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियस नावाच्या बिशपने बायबलमधील स्थळांची वर्णानुक्रमे यादी केली आणि पुढे जेरोमने ती लॅटिनमध्ये आणली. जॉर्डनमधील मादाबा येथील चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकात रंगीत दगडी तुकड्यांचा एक नकाशा बसविण्यात आला. त्याचा बराच भाग नष्ट झाला, पण यरुशलेमचे चित्र त्यावर आजही पाहावयास मिळते. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित, अरबी जाणणाऱ्या एली स्मिथला सोबत घेऊन पॅलेस्टाइनमध्ये फिरला. त्याची रीत साधी होती. गावकऱ्यांना आसपासच्या गावांची आणि टेकड्यांची नावे विचारावयाची आणि ती ग्रंथातल्या नावांशी ताडून पाहावयाची. ‘अनाता’ म्हणजे अनाथोथ, ‘मुखमास’ म्हणजे मिखमाश, ‘अल-जीब’ म्हणजे गिबोन. पंडितांच्या ग्रंथांतून हरवलेली नावे अरब शेतकऱ्यांच्या जिभेवर शतकानुशतके शाबूत होती. खेड्यातून आलेल्या आम्हा मुलांनी ही गोष्ट काळजात जपून ठेवावी अशी आहे.

नंतर १८६५ साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड ही संस्था निघाली. १८७१ ते १८७७ या काळात ब्रिटिश लष्करी अभियंत्यांनी पश्चिम पॅलेस्टाइनची मोजणी केली आणि १८८० साली एका इंचाला एक मैल या प्रमाणाचा, सव्वीस भागांचा नकाशा प्रसिद्ध झाला. या मोजणीतला एक तरुण अधिकारी म्हणजे किचनेर, जो पुढे १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता! त्या नकाशावर भाविकांइतकीच लष्कराचीही नजर होती हे यावरून ध्यानात यावे. १८९४ साली जॉर्ज ॲडम स्मिथ या पंडिताने त्या भूमीच्या ऐतिहासिक भूगोलावर गाजलेला ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ जन्मला होता आपल्या कलकत्त्यात. पण या साऱ्या उद्योगाचे फळ इंग्रजीत राहिले आणि जाड, गुळगुळीत कागदाच्या, परदेशी किमतीच्या पुस्तकांत राहिले. मराठी बायबलच्या काही छापील प्रतींच्या शेवटी दोन-चार नकाशे असतात. त्यावरच सामान्य वाचकाने समाधान मानावयाचे.

संगणकाने ही किंमत मोडून काढली, हे मान्य केलेच पाहिजे. अकॉर्डन्स, लोगोस अशा संगणकप्रणालींनी १९९० च्या दशकापासून ग्रंथ, कोश आणि नकाशे एकत्र आणण्यास सुरुवात केली. त्या महाग होत्या. २००५ साली गुगल अर्थ आले आणि उपग्रहचित्रे सर्वांना फुकट दिसू लागली. त्याची व्यावसायिकांसाठीची आवृत्तीही २०१५ पासून विनामूल्य झाली. ओपनबायबल या संकेतस्थळाने तर बायबलमधील स्थळांचे अक्षांश-रेखांश गोळा करून ते मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरण्यास दिले आहेत. ही माहिती केएमएल नावाच्या फाईलमध्ये मिळते. ती फाईल संगणकावर गुगल अर्थमध्ये उघडते आणि मोबाईलवरही उघडते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून केलेल्या जागतिक नकाशावर आधारलेले ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप एकदा नकाशा उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालते. म्हणजे लायब्ररीतल्या कुलूपबंद कपाटाची किल्ली आता मळ्यात पाणी धरणाऱ्या मुलाच्या खिशात आहे.

मग अडले कोठे? अडचणी आहेत आणि त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली अडचण दोन यंत्रांची. संगणकाचा पडदा मोठा. त्यावर एका बाजूला अध्याय व दुसऱ्या बाजूला नकाशा ठेवून पौलाचा सबंध प्रवास डोळ्यांखाली घालता येतो. मोबाईलवर तोच नकाशा पाहताना गाव दिसते तर प्रदेश दिसत नाही, प्रदेश दिसतो तर गावाचे नाव वाचता येत नाही. शिवाय विकत घेतलेल्या प्रणालीच्या संगणकावरील सर्व सोयी मोबाईलवर मिळतातच असे नाही. खेड्यातल्या विद्यार्थ्याजवळ संगणक नसतो, मोबाईल असतो आणि तोही बहुधा घरातल्या तिघांत मिळून एक. तेव्हा ज्याच्याजवळ साधन लहान, त्याच्या वाट्याला ज्ञानही लहान, असा हा न्याय झाला. दुसरी अडचण टिकाऊपणाची. बायबलवर्क्स ही अभ्यासकांची आवडती प्रणाली जून २०१८ मध्ये बंद झाली. कंपनी मिटली की तिच्या प्रणालीत साठविलेल्या टिपा-नकाशांचे भवितव्य टांगणीला लागते. आजीच्या ट्रंकेतले पुस्तक वाळवीने खाल्ले नाही तर नातवाला मिळते. डिजिटल वस्तूबद्दल असे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून जी माहिती खुल्या स्वरूपात असेल, कोणत्याही यंत्रावर उघडेल आणि आपल्याजवळ उतरवून ठेवता येईल तीच खरी आपली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण सर्वांत मोठी अडचण भाषेची. मी आजवर जे जे डिजिटल बायबल-नकाशे उघडून पाहिले त्या सर्वांवर नावे इंग्रजीत होती. कोणी म्हणेल, नावांचे काय एवढे? नाव म्हणजे नावच! तसे नाही. मराठी वाचकाला ‘कफर्णहूम’ ठाऊक आहे, त्याला नकाशावर ‘कॅपर्नियम’ दिसते. त्याचे ‘इफिस’ तेथे ‘एफिसस’ होते, ‘दिमिष्क’ तेथे ‘डमॅस्कस’ होते, ‘शोमरोन’ तेथे ‘समॅरिया’ होते आणि ‘मिसर’ तेथे ‘ईजिप्त’ होतो. मराठी बायबलातली ही नावे मूळ हिब्रू-ग्रीक उच्चारांना आणि आपल्या जिभेला धरून आली आहेत. त्यांच्यामागे दोनशे वर्षांहून अधिक काळचे अनुवादाचे कष्ट आहेत. श्रीरामपूरहून कॅरीचा मराठी नवा करार निघाला तो १८११ साली. आजींनी साठ वर्षे ज्या गावाला कफर्णहूम म्हटले ते त्यांना इंग्रजी नकाशावर सापडणार कसे? गाव तेच, पण भाषेच्या भिंतीपलीकडे.

बरे, मराठीत शोधावे म्हटले तरी सुटका नाही. एका अनुवादात ‘यरुशलेम’ ऱ्हस्व रुकाराने, दुसऱ्यात ‘यरूशलेम’ दीर्घ रूकाराने, वर्तमानपत्रात ‘जेरुसलेम’. माणूस तिन्ही ओळखतो. यंत्राला आधी शिकविल्याशिवाय ते ही तीन वेगळी गावे समजते. एका उकाराने पवित्र नगरी हरवते! यावर उपाय काही अवघड नाही. प्रत्येक स्थळाला त्याची सर्व मराठी रूपे जोडून दिली की झाले. फक्त ते कोणीतरी बसून करावयास हवे.

येथे आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. छापील ॲटलासमध्ये अनिश्चित स्थळापुढे प्रश्नचिन्ह छापण्याची चांगली पद्धत आहे. मोबाईलच्या नकाशावर मात्र एक लाल टाचणी टोचलेली असते, आणि टाचणी टोचली की मनातली शंकाही संपते. अम्माऊसचे उदाहरण घ्या. पुनरुत्थानानंतर येशू ज्या गावच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटला ते हे गाव. लूकच्या बहुतेक हस्तलिखितांत ते यरुशलेमपासून साठ स्तादे, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर दूर आहे. काहींत एकशे साठ, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटर. त्यामुळे अम्माऊस म्हणून निदान तीन-चार जागा दाखविल्या जातात. सीनाय पर्वताबद्दलही असेच मतभेद आहेत. एका नावाची दोन गावे ही आणखी एक गंमत. अंत्युखिया दोन, कैसरीया दोन, बेथलेहेमसुद्धा दोन. दुसऱ्याचा उल्लेख यहोशवाच्या पुस्तकात आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘केडगावला जायचंय’ म्हटले की आपल्याकडचा माणूस लगेच विचारतो, “कुठलं केडगाव, नगरचं का दौंडचं?” नकाशानेही वाचकाला असाच प्रश्न केला पाहिजे. ओपनबायबलच्या माहितीत एका स्थळाच्या अनेक संभाव्य जागा आणि प्रत्येकीबद्दलची खात्री किती हे दिलेले आहे. पण ॲप बनविणारे घाईत असतात. ते एक टाचणी ठेवतात आणि बाकीचे गाळून टाकतात. शंका दाखवायला लाजणारा नकाशा विद्यार्थ्याच्या कामाचा नाही.

आणि नकाशा काय झाकतो हेही पाहावे. बेथलेहेम आणि यरीहो आज पश्चिम किनारा या पॅलेस्टिनी प्रदेशात आहेत, नासरेथ इस्राएलमध्ये, दिमिष्क सीरियात, निनवेचे अवशेष इराकमधील मोसूलला आणि इफिसचे तुर्कस्तानात. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात झालेला संहार आपण मोबाईलच्या त्याच पडद्यावर पाहिला. जुन्या नावांचा सुंदर नकाशा पाहताना त्या मातीवर आज माणसे राहतात, त्यांची घरे आहेत, याचा विसर पडला तर तो नकाशा अपुरा आहे. जुन्या नावाशेजारी आजचे नाव आणि आजचा प्रदेश लिहिणे एवढे तरी सहज होण्यासारखे आहे. रॉबिन्सनला ज्या शेतकऱ्यांनी नावे सांगितली त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना नकाशावर जागा नसावी, हे कृतघ्नपणाचे होईल.

आता आक्षेपांचा विचार करू. ‘हे ख्रिस्ती लोकांचे काम आहे, इतरांनी कशाला पडावे?’ असे काहीजण म्हणतील. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण शेजाऱ्याच्या ग्रंथाचा भूगोल समजून घेतल्याने आपले काही कमी होत नाही. शिवाय तो भूगोल आपल्यापासून वाटतो तितका दूरही नाही. आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलियांनी केलेल्या उत्खननात भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे सापडली. ज्या जगात पौल फिरत होता त्या जगाचा माल प्रवरेच्या काठी येत होता, हे नकाशाशिवाय कसे उमजणार?

‘आधी आपल्या क्षेत्रांचे नकाशे करा,’ हा दुसरा आक्षेप. तो मला मान्य आहे. किंबहुना ती परंपरा आपलीच आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातला ग्रंथ चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, राहिले त्या स्थानांची दिशांसह नोंद करतो. डॉ. वि. भि. कोलते यांनी तो संपादित केला आहे. युसेबियसने आपल्या श्रद्धेपोटी जे केले तेच आपल्या मराठी माणसाने आपल्या श्रद्धेपोटी केले. स्थानपोथीचा डिजिटल नकाशा आणि बायबलचा मराठी नकाशा या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत. एक करताना हात बसला की दुसरा सोपा होईल.

तिसरा आक्षेप नेहमीचा: ‘इंग्रजी शिका म्हणजे झाले.’ इंग्रजी शिकावीच, मीही शिकते आहे. पण ज्या घरात पहिलेच मूल महाविद्यालयात गेले आहे त्या घरातल्या बाकीच्यांनी काय करावे? ज्ञान दारापर्यंत येते आणि परक्या भाषेत हाक मारून परत जाते. आजींनी आता ऐंशीव्या वर्षी इंग्रजी शिकावी आणि मग यार्देन पाहावी, असे म्हणणे सोपे आहे. पण रमाबाईंनी तसे म्हटले नाही. त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, इतरांना शिकावी लागू नये म्हणून.

तेव्हा करावे काय? नुसती हळहळ व्यक्त करून लेख संपविणे मला पसंत नाही. आपल्या महाविद्यालयात भूगोल आहे, मराठी आहे, इतिहास आहे आणि थोडेफार का होईना संगणकही आहेत. या तिन्ही विषयांच्या आठ-दहा विद्यार्थ्यांनी एका सुटीत एक साधा तक्ता करावा. त्यात सहा रकाने असावेत: स्थळाचे मराठी बायबलमधील नाव, त्याची इतर मराठी रूपे, अक्षांश-रेखांश, जागेबद्दल खात्री किती, आजचे नाव आणि आजचा प्रदेश. आरंभ मार्कच्या शुभवर्तमानापासून करावा. ते चारांत सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे आहे. मराठीतील ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’ हा अनुवाद मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने त्यातील नावे घेण्यास अडचण नाही. जुन्या अनुवादांतील रूपे सांगण्यास आपल्या गावोगावचे वडीलधारे ख्रिस्ती वाचक आहेत. त्यांना विचारणे हेच आपले रॉबिन्सनचे काम. हीच नावे विकिडेटा आणि ओपनस्ट्रीटमॅप येथेही मराठीतून भरता येतात. तेथे कोणालाही काम करण्याची मुभा आहे, पदवी लागत नाही. तक्ता तयार झाला की तो केएमएलमध्ये बदलावा. मग तो संगणकावरही उघडेल आणि मोबाईलवरही. एक प्रत मोठ्या अक्षरांत कागदावर छापावी, कारण ज्यांचे डोळे मंद झाले आहेत त्यांचा हक्क पहिला. हे काम पैशाचे नाही, चिकाटीचे आहे.

मित्रहो, दुसऱ्याने बनविलेला नकाशा दुसऱ्याच्या भाषेत वाचण्यात आपल्या पिढ्या गेल्या. सातबाऱ्याचा नकाशा तलाठ्याला कळे, मोजणीचा नकाशा मोजणीदाराला कळे. आमच्या आजोबांनी तेथे फक्त अंगठा उमटविला. आज पहिल्याने असे साधन आपल्या हातात आले आहे की ज्यावर आपण नुसते बोट फिरवावयाचे नसून नावही लिहू शकतो. ते नाव यार्देनचे असो, प्रवरेचे असो किंवा आपल्या भीमेचे. पण ते मराठीत लिहिलेले असावे आणि शिकलेल्या मुलाने ते न शिकलेल्या घराला वाचून दाखवावे. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग आपण करून दाखविला पाहिजे. पुढच्या वर्षीचा अंक निघेल तेव्हा या पानावर माझा आणखी एखादा लेख असण्यापेक्षा तुमच्या-माझ्या हातचा तो तक्ता असावा, एवढीच इच्छा आहे.